किल्लीचं कासव

निंबा दूधवाल्याने माप किटलीत बुडवलं आणि, आज थंडी फार आहे असं सांगावं तितक्याच सहजपणे, तो म्हणाला, "बाई, परवा नाना दुसऱ्याच्याच दाराले किल्ली लावत होते. पोट्टे हसले सगळे." विमलने पातेलं पुढे धरलं होतं ते तसंच राहिलं. दूध पडलं, फेस वर आला, निंबाने वरून नेहमीचा चमचाभर वाढावा घातला आणि तो सायकल ढकलत पुढे गेला. कोणाच्या दाराला, हे तिने विचारायला हवं होतं. ते तिने विचारलं नाही. चारचौघांत बापाची फजिती झाली, तिचा पत्ता कशाला हवा, असं तिच्या मनाने पटकन ठरवून टाकलं. चौतीस वर्षांच्या तिच्या मनाला अशी पटकन ठरवून मोकळं होण्याची सवयच होती. पुढे आठवडाभर ते मन एक मिनिटही मोकळं झालं नाही, ती गोष्ट वेगळी.

आत नाना पाटावर बसून दाढीचं पाणी कोमट होण्याची वाट पाहत होते. वामनराव हे त्यांचं नाव. सगळा मोहल्ला नाना म्हणायचा. गिरणीत तीस वर्षं त्यांनी हजेरी लिहिली होती. सातशे माणसांची नावं, बापाच्या नावासकट, पाळीसकट, त्यांना तोंडपाठ होती. अमका कामगार आज आला नाही हे त्यांना वही न उघडता कळायचं. असा माणूस दुसऱ्याच्या दाराशी उभा राहून कुलपाशी झटापट करतो? विमल त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "काय गं?" तीच नजर, तोच आवाज. मग तिचं लक्ष खुंटीवरच्या जुडग्याकडे गेलं. घराची किल्ली, ट्रंकेची किल्ली, आणि गिरणीतल्या टेबलाच्या खणाची, जी त्यांनी परत केली नव्हती आणि कोणी मागितलीही नव्हती. तिन्ही पितळी, तिन्ही झिजलेल्या, तिन्ही एका मापाच्या. तिला एकदम हायसं वाटलं. असं आहे होय! डोळे अधू झालेत, किल्ल्यांची गल्लत होते, एका कुलपाला दुसरी लावत बसले असतील, लोकांना काय, तिळाचा ताड करतात. माणसाला सोपं कारण सापडलं की तो त्याच्यावर बैठक मारतो. घराच्या किल्लीला काहीतरी मऊ, हाताला कळेल असं बांधायचं, म्हणजे प्रश्न मिटला. एका जुन्या मासिकात तिने चित्र पाहिलं होतं: क्रोशाने विणलेला चिमुकला ससा, आणि त्याच्या कानात अडकवलेली किल्ली. खाली लिहिलं होतं, नवशिक्यांनाही दोन दिवसांत जमेल.

दोन दिवस. शनिवारला पाच दिवस होते. शनिवार ही मुदत होती, आणि ती किल्लीची नव्हती. तिच्या खांद्यावरच्या पिशवीत, तिसरीच्या निबंधांच्या वह्यांखाली, अकरा दिवसांपासून एक छापील कागद होता. नोव्हेंबरात नवं राज्य झालं. कालपर्यंत नागपूर आपली राजधानी होती, आज ती दुसऱ्याच्या घरी गेली आणि बुऱ्हाणपूर भोपाळच्या पदरात पडलं. तापी जिथे होती तिथेच वाहत राहिली. इच्छापूरच्या पलीकडे मात्र हद्दीची पाटी लागली. मराठी वर्ग जूनपासून बंद होणार होते. मराठीच्या बाईंनी सांगावं: मुंबई राज्यात जायचं असेल तर अकोल्याला मुलींच्या हायस्कूलमध्ये जागा आहे, मराठीचीच, वरच्या वर्गांना. इथेच राहायचं असेल तर पहिलीचा हिंदी वर्ग, आणि आधी हिंदीची परीक्षा. कागदावर दोन ओळी होत्या, नको ती खोडायची होती. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत. अकरा दिवस ती तो कागद रोज शाळेत नेत होती आणि रोज घरी आणत होती, जणू त्याला हवा खायला नेते.

तिला जायचं होतं. हे तिने स्वतःला एकदाच, तेही न्हाणीघरात, स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. अकोला तिने एकदाच पाहिलं होतं, एका परीक्षेच्या कामाला गेली होती तेव्हा. स्टेशनबाहेर एक बाई छत्री मिटून एकटीच चहा पीत उभी होती आणि कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. एवढंच. पण ते चित्र सहा वर्षं तिच्या डोक्यातून जात नव्हतं. इथे ती गल्लीत शिरली की यंत्रमागांची खटखट सुरू व्हायची आणि प्रत्येक ओट्यावरून कोणीतरी विचारायचं, आज उशीर झाला का, भाजी कोणती घेतली, नानांचा खोकला कसा आहे. आपल्या चालण्याचीही कोणीतरी हजेरी लिहितंय असं तिला वाटायचं. पण नानांना अकोल्याला नेलं तर? इथे त्यांचे पाय त्यांना फिरवून आणतात: घाट, दत्ताचं देऊळ, शनवारा दरवाज्यापाशी मित्राचं पानाचं दुकान. तिकडे ते पाय कुठे जातील? छे, डोळ्यांचा प्रश्न आहे, किल्लीचा प्रश्न आहे, असं म्हणून ती सुई आणायला शेजारी गेली.

शेजारी म्हणजे सकीनाबेन. खिडकीच्या उजेडात बसून त्या बोहरी टोप्या विणायच्या, पांढऱ्या दोऱ्यात सोनेरी कलाबतू घालून. त्यांची बोटं बोलण्यात गुंतली तरी चालायची आणि तोंड विणताना चालायचं ते चालायचंच. "खरगोश?" त्या हसल्या. "मैंने तो बेन, ज़िंदगी भर टोपीच बनाई. पर चलो, सर तो सर है, आदमी का हो या खरगोश का." त्यांनी जाड सुताचं एक तपकिरी रिळ दिलं आणि पहिला फास घालून दाखवला. सहा टाक्यांची इवली चकरी. मग दुसऱ्या फेरीत एका घरात दोन टाके, तिसऱ्या फेरीत एक सोडून एक. वाढवत गेलं की सपाट पसरतं, वाढवणं थांबवलं की कडा आपोआप खाली वळतात. विमलचा हात आवळायचा. सुई घरात शिरेना, दोरा चिरफाळायचा. "हाथ ढीला रखो," सकीनाबेन म्हणायच्या, "तुम तो ऐसे पकड़ती हो जैसे कोई छीन रहा है." विमलला हे लागलं. आपल्या हातातून कोणी काय ओढून घेणार आहे, आहे काय आपल्या हातात, असं उत्तर तिच्या ओठांवर आलं. पण समोरची बाई फुकट शिकवत होती.

विणताना डोकं रिकामं होतं म्हणतात. ज्यांचं होत असेल त्यांचं होवो. विमलला टाक्याटाक्याला एक खोड लागली. एक टाका घातला की मनात म्हणायचं, जावं. पुढचा घातला की, राहावं. जावं, राहावं, जावं, राहावं, आणि फेरीचा शेवटचा टाका येईल तो निकाल. अठरा टाक्यांच्या फेरीत शेवट नेहमी राहावंवरच यायचा, सम संख्याच ती. हे पाढे शिकवणाऱ्या बाईंना कळायला हवं होतं, पण कळलं नाही. तिने ती फेरी उसवली, हात घट्ट झाला म्हणून, असं स्वतःला सांगितलं. पुन्हा विणली. पुन्हा राहावं. तिसऱ्यांदा तिने एक घर चुकून वगळलं, म्हणजे चुकून नव्हे, आणि जावंवर आली. त्या वगळलेल्या घरापाशी छोटा खड्डा पडला. तिने अंगठ्याने तो दाबून पाहिला, गेला नाही. लबाडी केली की वीण सांगते. वर्गात पोरीने असं उत्तर फिरवलं असतं तर आपण तिला बाकावर उभी केली असती, हे तिच्या मनात आलं आणि कान गरम झाले.

गुरुवारी वाटीएवढं गोल खाली वळून तयार झालं आणि विमलने विचारलं, "आता हे मिटवायचं कसं? डोकं पुरं बंद व्हायला हवं ना?" सकीनाबेनची सुई थांबली. पहिल्यांदाच. "बंद?" त्या म्हणाल्या. "बेन, टोपी का मुँह कोई बंद करता है क्या? मुझे तो बंद करना आताच नहीं." दोघी त्या उपड्या वाटीकडे बघत बसल्या आणि मग सकीनाबेनना हसू आवरेना. विमलही हसली, पण तिचं हसू अर्ध्यात अडकलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. चाळीस वर्षं विणणाऱ्या बाईला शेवट माहीत नव्हता, कारण तिच्या कामात मिटवायचं काही नसतंच. शेवटची पक्की गाठ तेवढी त्या उद्या शिकवणार होत्या. "वो एक बार लग गई तो फिर उधड़ता नहीं," त्या म्हणाल्या होत्या. पण शुक्रवारी सकाळीच त्या भाचीच्या लग्नाला सिद्धपूरला गेल्या. विमलने शेवटच्या फासात सेफ्टी पिन अडकवून ठेवली. तिला गाठीची घाई नव्हती. उसवता येतंय तोवर बरं, असं तिला त्या दिवसांत प्रत्येक गोष्टीबद्दल वाटत होतं.

मग त्या वाटीला तिने साखळी-टाक्यांचे चार पाय लावले, कच्च्या टाक्यांनी, आणि कापूस भरलेलं इवलं डोकं, काळ्या मण्यांच्या डोळ्यांचं. कान लावायचा धीर झाला नाही. माथ्यावरच्या पहिल्या चकरीतून दोरी ओवून घराची किल्ली बांधली आणि ते सगळं नानांच्या हातात दिलं. "ससा आहे," ती म्हणाली. नानांनी ते चाळशीजवळ नेलं, पालथं केलं, पोट पाहिलं. "मागेच लागलीस तर ससा म्हणतो," ते म्हणाले, "पण हे कासव आहे. देवळात नंदीपुढे असतं ना, तसं." त्यांनी त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला, त्या खड्ड्यापाशी थांबवला, पुन्हा फिरवला. "हे बरं केलंस. आता चुकायचा नाही." म्हणजे त्यांना माहीत होतं? त्यांनाही कोणी हसलं होतं, आणि त्यांनीही कोणाला विचारलं नव्हतं? बापलेक एकाच मातीचे. तिने विषय बदलला आणि भाकरी टाकायला गेली.

शनिवारी सकाळची शाळा. निघायच्या घाईत पदराची पिन तुटली, खणात दुसरी सापडेना, आणि खुंटीवर कासव लटकत होतं. तिने त्याच्या फासातली पिन काढून पदराला लावली आणि दोऱ्याचं वीतभर शेपूट आत खोचलं. संध्याकाळी परत लावू. वर्गात ती फळ्याशी उभी राहून पोरींकडून कविता म्हणून घेत होती आणि मनात कागद लिहीत होती. मध्यप्रदेश खोडायचं. दोन रेघा, पक्क्या. अकोल्याला एक खोली, मधे पडदा, नानांना सकाळी आपण फिरवून आणू, दुपारी बाहेरून कुलूप लावू. बाहेरून कुलूप. हे शब्द तिच्याच डोक्यात कोणी म्हटले म्हणून ती दचकली. पोरी कविता संपवून तिच्या तोंडाकडे बघत होत्या. बारा वाजता ऑफिसात कारकून नव्हता, चारनंतर या म्हणून शिपायाने सांगितलं. ती घरी आली.

दाराला कुलूप होतं. हे नेहमीचंच, नाना या वेळी फिरायला जायचे. पण चौकटीवरच्या वाकड्या खिळ्याला एक तपकिरी दोरा अडकला होता. तिथून तो पायरीवर उतरला होता आणि भिंतीकडेने गल्लीत गेला होता. विमलला क्षणभर कळेना. मग तिचा हात पदराच्या पिनेवर गेला. अरे देवा. नाना किल्ली बोटाला अडकवून झुलवत चालायचे, आणि मागे घराच्या दाराने कासवाचं शेपूट धरून ठेवलं होतं.

तिने दोरा उचलला नाही, नुसती त्याच्या बाजूने चालू लागली. नळाच्या चौथऱ्यापाशी एक पाय पडला होता. मागाच्या कारखान्यासमोर दुसरा, त्याच्यावरून सायकल गेली होती. एक बकरी दोरा हुंगत होती, तिला तिने हुसकावलं. कोणीतरी ओट्यावरून विचारलं, "बाई, काय हरवलं?" आणि ती "काही नाही" म्हणाली. दोरा नेहमीच्या वळणाला घाटाकडे गेला नाही. तो डावीकडे वळला. विमलचे पाय तिथे थबकले. या वळणाने ती पंचवीस वर्षं गेली नव्हती. शाळेला ती लांबचा रस्ता धरायची आणि लोकांना सांगायची, तिकडे सावली असते. वळणावर डोकं पडलं होतं, मणी वर करून. तिने ते उचललं आणि मुठीत धरलं. आता पुढे कोणतं दार आहे, हे तिला दोऱ्याने सांगायची गरज नव्हती. निंबाला तिने विचारलं असतं तर त्या दिवशीच कळलं असतं.

निळ्या दाराच्या त्या घरात ती नऊ वर्षांची होईपर्यंत राहिली होती. तिथे आई गेली, टायफॉइडने, आणि महिन्याभरात नानांनी बिऱ्हाड हलवलं, बारा दारं पुढे. तेव्हापासून तिथे यादव राहत होते. दाराला बाहेरून कुलूप होतं. ओट्यावर यादवांची मालूबाई विळीवर गिलकी चिरत बसली होती, आणि तिच्या शेजारी, चहाचा पेला दोन्ही हातांत धरून, नाना. बाजूला किल्ली, आणि तिला चिकटलेली सहा टाक्यांची चकरी. बाकी कासव संपलं होतं.

"बसा बाई," नाना तिला म्हणाले. आवाजात परक्या बाईसाठीची अदब होती. "आमची विमल यायची आहे शाळेतून. किल्ली बरोबर आहे बघा, ही खूण आहे तिची. पण कुलूपच कोणीतरी बदललंय."

विमल बसली. पहिल्यांदा तिला राग आला, चक्क राग. पंचवीस वर्षं ती भाकऱ्या थापत होती आणि हा माणूस वाट कोणाची बघतोय, तर दोन वेण्यांच्या एका पोरीची. त्या पोरीचा तिला हेवा वाटला. मग मालूबाईने विळीवरून मान वर केली. "मले वाटलं तुले ठाऊक हाये," ती हळूच म्हणाली. "दिवाळीपासून येतात. दोन-तीन दिवसाआड. बसतात, चाय घेतात, मग आपसूकच ध्यानावर येतात अन् जातात घरी."

"पण तुमच्या दाराला कुलूप का? तुम्ही तर इथेच आहात."

मालूबाईला उत्तर द्यायची लाज वाटली असावी. तिने गिलकं उगाच पुन्हा धुतलं. "पहिल्या खेपी दार उघडं दिसलं तं लई घाबरले ना. म्हणे, घरात कोण शिरलं, माझी पोर आत हाये. म्हणून मग दुपारी मी कुलूप घालते अन् काम घेऊन भायेर बसते. काय त्यात? गिलकं काय, भायेरही चिरल्या जातं."

विमल त्या कुलपाकडे बघत राहिली. एक बाई थंडीत रोज दुपारी स्वतःच्याच घराबाहेर बसत होती, एका म्हाताऱ्याने घाबरू नये म्हणून. आणि याच ओट्यांपासून पळायला आपण सोळा दिवस कागद हिंडवतोय. अकोल्याला असं दार नव्हतं. तिथे नाना चुकले तर चुकतच जातील, रस्त्यामागून रस्ता, आणि आपण बाहेरून कुलूप लावू. इथे त्यांचं चुकलं तरी बारा दारांचंच चुकतं. हे तिला कळलं आणि ते कळल्याचा तिला अजिबात आनंद झाला नाही. छत्री मिटून चहा पिणारी ती बाई डोळ्यांपुढून गेली, न वळता. विमलने पिशवीतून कागद काढला, मांडीवरच्या वहीवर ठेवला आणि वरची, अकोल्याची ओळ खोडली. एक रेघ, मग तिच्यावर दुसरी. निब कागदात रुतली.

"काय खोडलं माय?" मालूबाईने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

"गाव," विमल म्हणाली. मग चकरी हातात घेऊन ती म्हणाली, "मालूबाई, विळी द्या जरा इकडे." पात्यावर तिने दोरा तोडला, उरलेलं टोक शेवटच्या फासातून ओढून घेतलं आणि गाठ मारली. कोणी शिकवली नव्हती, आपसूक जमली. ओढून पाहिली. सुटली नाही. मग ती घटकाभर रडली, पदर तोंडावर न घेता, आणि मालूबाई गिलकं चिरत राहिली. नानांनी पेला खाली ठेवला.

दोऱ्याचं तुटलेलं टोक बोटाला गुंडाळत विमल उठली. "चला नाना. मला पाचच्या आत शाळेत कागद द्यायचाय." नानांनी तिच्याकडे पाहिलं, डोळे बारीक केले, जणू हजेरीत नाव शोधत होते. मग ते उठले. गल्लीतून दोघं चालू लागली, ते किल्ली झुलवत, ती दोरा गोळा करत, वळणावरून, मागाच्या कारखान्यासमोरून, नळापाशी वाकून, पाय उचलून. बोटावरचा दोऱ्याचा गोळा वाढत होता. घराच्या पायरीपाशी नाना थांबले. त्यांनी हातातल्या किल्लीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"विमल," ते म्हणाले, "कासव कुठंय गं?"

"येतंय मागून," ती म्हणाली आणि खिळ्यात अडकलेला शेवटचा दोरा सोडवून घेतला.